बिटकॉइनचे चालू व्यवहार घरच्या स्क्रीनवर बघायचं छोटं साधन : करून पाहिलं, लिहितोय

धायरीकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक काका रात्री साडेआठला दारात उभे. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. कुणीतरी त्यांना बिटकॉइनमध्ये पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला होता. सोबत निरोप : व्यवहार नेटवर्कवर अडकलाय, सोडवायचा असेल तर आधी अठरा हजार फी भरा, यूपीआयने. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर लेजर जुळवलेले. पण त्या स्क्रीनवरच्या लांबलचक आयडीपुढे ते गप्प झाले होते.

जेवणाच्या टेबलावर बसलो. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तो आयडी चार-चार अक्षरांच्या गटांत उतरवला. बिटकॉइन व्यवहाराचा आयडी ६४ अक्षरांचा असतो आणि त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरं, एवढंच येऊ शकतं. आमची मोजणी ६१ वर संपली. आणि तेराव्या गटात चक्क एक 'के' होता. खोटं पकडायला इंटरनेटसुद्धा लागलं नाही.

काका पैसे न भरता घरी गेले. पण चपला घालताना त्यांनी विचारलं, "आणि आयडी बरोबर असता तर?"

या प्रश्नाचं मला समाधान होईल असं उत्तर त्या रात्री देता आलं नाही. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचंच काम करतो, तरीही. मग ठरवलं की हे व्यवहार येताना, थांबताना, ब्लॉकमध्ये (म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात) जाताना आपल्या डोळ्यांनी बघायचे. त्यातून हे साधन झालं. ते काही विकत घेत नाही, विकत नाही. त्याला वॉलेट लागत नाही, खासगी किल्ली, म्हणजे नाणी खर्चायचा गुप्त आकडा, तर मुळीच लागत नाही. फक्त ऐकतं आणि दाखवतं.

कोड इथे डकवला तर मोबाईलवर विस्कटतो, म्हणून तर्कच सांगतो. बिटकॉइन पाठवलं की तो व्यवहार आधी जगभरचे नोड, म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारी मशीनं, एकमेकांना सांगत सुटतात. ब्लॉकमध्ये जागा मिळेपर्यंत तो प्रत्येक नोडच्या मेमपूलमध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत, पडून असतो. सगळ्यांची मिळून एक यादी नसते, ज्याची त्याची वेगळी असते. ही यादी ऐकण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे फुकट मिळणारी वेबसॉकेट, नवीन निरोप आपोआप येत राहतील अशी उघडी जोडणी. मी ब्लॉकचेन डॉट कॉमची वापरली. जोडणी करायची, 'पक्के न झालेले व्यवहार पाठव' असा एका ओळीचा निरोप द्यायचा, की एकेक व्यवहार जेसन स्वरूपात येऊ लागतो : आयडी, कुठून आले, कुठे गेले, किती. पायथनमध्ये चाळीसेक ओळींत पहिली आवृत्ती झाली. आधी जुन्या लॅपटॉपवर चालवली, नंतर पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून रास्पबेरी पाय आणि छोटा डिस्प्ले आणून त्यावर.

अडचणी मात्र त्या चाळीस ओळींच्या बाहेरच होत्या.

पहिली पैशाची. एका बिटकॉइनचे दहा कोटी सॅटोशी होतात आणि फीडमध्ये रक्कम सॅटोशीतच येते. ती शेवटपर्यंत पूर्णांकातच ठेवा, भागाकार फक्त दाखवताना. दशांशात बेरजा केल्या की शेवटचा आकडा हलतो, आणि ज्याला लेजर माहीत आहे त्याला ते लगेच दिसतं.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. एका पावसाळी रात्री वीज गेली, इन्व्हर्टरवर जाताना राउटर एकदा बंद होऊन चालू झाला. सकाळी साडेसहाला बघतो तर स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'चालू' आणि शेवटची ओळ रात्री १.१२ ची. जोडणी मेली होती, पण कुणी तसं सांगितलंच नव्हतं. त्रुटी नाही, काही नाही, नुसती शांतता. मी वापरलेल्या लायब्ररीत पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारा छोटा निरोप, आपोआप जात नव्हतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं. तेवढ्यावर न थांबता आणखी एक केलं : बिटकॉइनचे व्यवहार दिवसाला लाखांत होतात, म्हणजे सेकंदाला काही ना काही यायलाच हवं. मिनिटभर काहीच आलं नाही तर जोडणी मेली असं धरायचं, तोडायची आणि पुन्हा जोडायची. आधी १ सेकंद थांबून, मग २, मग ४, असं वाढवत कमाल एक मिनिट. आता 'चालू' हा शब्दच काढून टाकलाय. त्या जागी शेवटचा निरोप किती सेकंदांपूर्वी आला तो आकडा असतो. मधला वेळ हुकला तर तिथे लाल रेघ येते, कारण त्या वेळात काय झालं ते आपल्याला माहीत नाही, हे दिसलं पाहिजे.

तिसरी गोष्ट कळायला मला आठवडा लागला. मोठा व्यवहार आला की बझर वाजेल असं केलं होतं. एके दिवशी बझर वाजला, ५०० बिटकॉइन हलले म्हणून. आत जाऊन बघितलं तर ५०० चं नाणं आत, आणि बाहेर दोन वाटा : एक ०.८ ची, दुसरी ४९९.१९९ ची. कुणीतरी ०.८ दिलं होतं, बाकीचं स्वतःकडेच परत घेतलं होतं.

बिटकॉइनमध्ये खात्यावर शिल्लक अशी नसते, नाणी असतात, आणि नाणं पूर्ण मोडावं लागतं. डेअरीत चाळीस रुपयांचं दही घ्यायला पाचशेची नोट दिली, चारशे साठ परत आले. माझं साधन पाचशे खर्च झाले म्हणून ओरडत होतं. समाजमाध्यमांवर 'व्हेलने (म्हणजे बड्या धारकाने) एवढे कोटी हलवले' म्हणून जे फिरतं, त्यात किती सुट्टे पैसे असतील याचा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

सुट्टे कुठले आणि दिलेले कुठले हे नक्की ओळखण्याचा उपाय नाही. ज्या पत्त्यावरून आले त्याच पत्त्यावर परत गेले तर सोपं. एक रक्कम गोल आणि दुसरी वेडीवाकडी असेल तर वेडीवाकडी बहुधा सुट्टी. पण हे अंदाजच. म्हणून आता मी एकूण रक्कम दाखवतच नाही, प्रत्येक वाट वेगळी दाखवतो आणि जिथे शंका आहे तिथे 'बहुधा सुट्टे' असं लिहितो.

हे झालं इथवर. पण काकांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

मृण्मयी_र | शनिवार, रात्री १०.२५

फार छान लिहिलंय. कॅलेंडरच्या पानावर आयडी मोजणं तर मी उद्याच आईला शिकवणार आहे.

एक सूचना. त्या सेवेत एखाद्या ठराविक पत्त्यावरच लक्ष ठेवायची सोय असते. ती वापरू नका. तुमचा आयपी आणि तुम्हाला कुठल्या पत्त्यात रस आहे, ही जोडी तुम्ही स्वतःहून त्यांच्या हातात देता. त्यापेक्षा सगळे व्यवहार घरी येऊ द्या आणि गाळणी घरच्या मशीनवर लावा. डेटा थोडा जास्त जाईल, पण कुणाला काही कळणार नाही.

आणि फी दाखवता का? दाखवत नसाल तर दाखवा, रकमेपेक्षा तीच जास्त बोलते. पण एकूण फी नको, प्रति व्हीबाइट सॅटोशी. व्हीबाइट म्हणजे व्यवहाराच्या आकाराचं माप. मार्केट यार्डातल्या टेंपोचं भाडं पोती मोजून ठरतं, आत केशर आहे की बटाटे ते कुणी विचारत नाही. तसंच हे. पुष्कळ छोटी छोटी नाणी गोळा करून हजार रुपये पाठवणाऱ्याला एका नाण्यातून कोटी पाठवणाऱ्यापेक्षा जास्त फी पडू शकते. फीचा दर कळला की व्यवहार पुढच्या ब्लॉकमध्ये जाईल की रात्रभर पडून राहील, याचा अंदाज येतो.

जुना_गडी | शनिवार, रात्री ११.५०

धायरीकर, तुम्ही आत्ता दुसऱ्याच्या नोडच्या कानाने ऐकताय. त्यांनी एखादा व्यवहार सांगितला नाही तर तुम्हाला कळणार नाही, आणि खोटा सांगितला तरी तपासायला तुमच्याकडे काही नाही. तुमचा प्रश्न मुळात विश्वासाचा आहे, तेव्हा स्वतःचा नोड चालवा.

मी कर्वेनगरमध्ये घरी दीड वर्ष चालवतोय. बिटकॉइन कोअर हे नोडचं सॉफ्टवेअर उतरवायचं. सुरुवातीला ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सगळं तपासत यावं लागतं, ६०० जीबीहून जास्त उतरतं. तेव्हा आधी ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा बघून घ्या. माझं चार दिवस चाललं होतं. पण सगळं साठवायची गरज नाही. प्रून चालू केलं तर जुने ब्लॉक तपासून टाकून देतं आणि ब्लॉकसाठी ५५० एमबी जागाही पुरते. न खर्चलेल्या नाण्यांची यादी मात्र ठेवावीच लागते, ती काही जीबींची असते. चालू व्यवहार ऐकायला असा छाटलेला नोड पुरेसा आहे. एसएसडीच घ्या, जुन्या हार्ड डिस्कवर हे काम संपत नाही.

नोड उभा राहिला की त्याच्या झेडएमक्यूतून, म्हणजे तो घडामोडी कळवतो त्या वाहिनीतून, ऐकायचं. इथे दोन ठेचा मला लागल्या त्या सांगतो. या वाहिनीत वेगवेगळे विषय असतात. कच्चा व्यवहार देणारा जो विषय आहे, तो एकच व्यवहार दोनदा देतो, एकदा मेमपूलमध्ये आला तेव्हा आणि एकदा ब्लॉकमध्ये गेला तेव्हा. मी दोन्ही मोजत होतो. आयडी लक्षात ठेवा आणि दुसऱ्यांदा आला तर मोजू नका.

दुसरी ठेच : कच्च्या व्यवहारात आत आलेल्या नाण्यांची रक्कम लिहिलेलीच नसते. फक्त 'अमुक व्यवहाराची तमुक क्रमांकाची वाट' एवढा निर्देश असतो. त्यामुळे फी सरळ काढता येत नाही. त्यासाठी नोडला मेमपूलमधली त्या व्यवहाराची नोंद विचारायची, त्यात फी आणि आकार दोन्ही मिळतात.

सातारारोड | रविवार, सकाळी ८.१५

धागा रात्रीच वाचला होता, झोप लागली नाही म्हणून आत्ता लिहितोय.

माझा मित्र जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास एकाने लेन्स घेतली आणि पैसे बिटकॉइनमध्ये देतो म्हणाला. मित्राच्या समोर पाठवले. मित्राच्या मोबाईलवर रक्कम दिसली, सार्वजनिक साइटवर आयडी टाकला तर तिथेही दिसला. ६४ अक्षरं, सगळं खरं. गिऱ्हाईक लेन्स घेऊन गेलं. वीस मिनिटांनी मित्राने बघितलं तर व्यवहार गायब. आयडी टाकला तर सापडत नाही. पैसे त्या माणसाने स्वतःलाच परत पाठवले होते.

मित्र अजून म्हणतो, "मी डोळ्यांनी पाहिलं रे." त्याने पाहिलं होतं हे खरंच आहे. धायरीकर, तुमच्या काकांचा प्रश्न हाच आहे. आयडी बरोबर असता तर काय, तर हे.

मृण्मयी_र | रविवार, सकाळी ९.०५

सातारारोड, वाईट वाटलं वाचून. तुमच्या मित्राचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं, त्यांना त्या ओळीचा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

याला आरबीएफ (रिप्लेस बाय फी) म्हणतात. प्रतीक्षेत असलेल्या व्यवहाराच्या जागी तेच नाणं खर्चणारा, जास्त फीचा दुसरा व्यवहार टाकता येतो. फी कमी पडली म्हणून वाढवायला ही सोय आहे, आणि ती गरजेची आहे. पण नव्या व्यवहारात पैसे दुसऱ्याच पत्त्यावर जाऊ शकतात. पूर्वी व्यवहारात 'मी बदलू शकतो' अशी खूण असायची आणि ती नसेल तर लोक थोडे निश्चिंत असायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर २८ पासून खूण असो वा नसो, नोड बदल स्वीकारतात. त्यामुळे ब्लॉकमध्ये न गेलेला कुठलाही व्यवहार बदलू शकतो, हे धरूनच चालायचं.

साधनात हे पकडता येतं. प्रत्येक व्यवहार कुठली नाणी खर्चतोय, म्हणजे आधीच्या व्यवहाराचा आयडी आणि वाटेचा क्रमांक, ही जोडी लिहून ठेवायची. नवा व्यवहार आला आणि त्याने तीच जोडी खर्चली, की जुन्या ओळीवर काट मारायची.

जुना_गडी | रविवार, सकाळी ९.४०

बरोबर. त्यात भर : झेडएमक्यूत 'सीक्वेन्स' नावाचा विषय आहे, तो हेच काम सोपं करतो. मेमपूलमध्ये आला की ए, ब्लॉकमध्ये न जाता बाहेर पडला की आर, ब्लॉक जोडला की सी, आणि जोडलेला ब्लॉक सुटला की डी. हो, शेवटचा ब्लॉक क्वचित सुटतो. दोन मायनरना, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्यांना, जवळपास एकाच वेळी ब्लॉक सापडला की एकाचा मागे पडतो. म्हणून मोठ्या रकमेला सहा ब्लॉक थांबायचा प्रघात आहे. ब्लॉकला सरासरी दहा मिनिटं, म्हणजे तासभर. सरासरी म्हणतोय हे लक्षात ठेवा. दोन ब्लॉक एका मिनिटात येतात, कधी पाऊण तास एकही येत नाही. तेव्हा साधन बिघडलं समजून राउटर बंद-चालू करू नका, मी केलाय.

पेठेतली_सीए | रविवार, दुपारी १.३०

तांत्रिक बाजूत मला गती नाही, पण वाचकांपैकी कुणी विचारेल म्हणून लिहिते. नुसतं बघण्यावर कर नाही. विकून नफा झाला तर आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून ३० टक्के कर, अधिक अधिभार आणि सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. आणि तोटा कशातूनच वजा करता येत नाही, एका नाण्यातला दुसऱ्या नाण्यातूनही नाही. हे शेवटचं वाक्य दर जुलैमध्ये मला कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.

फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लाज वाटून दोन दिवस थांबू नका, कारण यूपीआयने गेलेली रक्कम गोठवायला सुरुवातीचे तासच हातात असतात. आणि आयडी, पत्ते, चॅट काहीही पुसू नका.

शंकेखोर | रविवार, दुपारी ४.००

माझ्या मेहुण्याला जो ग्रुप मिळाला होता तिथे सगळं यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं टोकन) होतं, ट्रॉनवर. धायरीकरांच्या साधनात ते दिसेल का?

मृण्मयी_र | रविवार, दुपारी ४.४५

नाही दिसणार. ती वेगळी साखळी (ब्लॉकचेन), ऐकायची रीतही वेगळी. इथेरियम किंवा ट्रॉनवर टोकन हलतं तेव्हा त्याचा करार, म्हणजे साखळीवरचा ते टोकन सांभाळणारा प्रोग्राम, एक 'ट्रान्सफर' नोंद सोडतो, ती ऐकायची. ट्रॉनला ब्लॉक तीन सेकंदांनी येतो, इथेरियमला बारा. त्यामुळे प्रतीक्षेतले व्यवहार बघण्यापेक्षा ब्लॉकमधल्या नोंदी वाचणंच बरं.

तिथले दोन खड्डे सांगते. इथर या इथेरियमच्या नाण्याला १८ दशांश स्थळं असतात, यूएसडीटीला या दोन्ही साखळ्यांवर ६. मी एकदा एकच भागाकार दोघांना लावला आणि हजारो डॉलरचे व्यवहार शून्य दिसत राहिले. दुसरा खड्डा जास्त खोल : 'यूएसडीटी' हे नाव कुणीही आपल्या टोकनला देऊ शकतं. मेहुण्यांच्या वॉलेटमध्ये रक्कम दिसत असेल तर नाव बघू नका. कराराचा पत्ता टेथरने, म्हणजे यूएसडीटी काढणाऱ्या कंपनीने, स्वतः जाहीर केलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार जुळली म्हणून सोडू नका. तेवढी अक्षरं जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून, तिथून शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या इतिहासात टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तिथून चुकीचा पत्ता उचलावा.

शंकेखोर | रविवार, संध्याकाळी ६.१०

जुळवला. नाही जुळत. आता मेहुण्याला फोन करतो.

वडगावशेरी | रविवार, रात्री ८.३०

या शहराला हे नवीन नाही. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या फसवणूक प्रकरणात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या तेव्हाच्या बातम्या आठवतात. १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, असं आश्वासन होतं. तेव्हा आपल्यापैकी किती जणांना साखळी स्वतः वाचता येत होती? मुलांना शाळेत पासबुक वाचायला शिकवतात तसं हे शिकवायला हवं.

एक शंका. अडकलेला व्यवहार घेणाऱ्याने फी भरून सोडवता येतो, असंही मी कुठेतरी वाचलंय. मग काकांना जे सांगितलं ते तत्त्वतः खरं ना?

जुना_गडी | रविवार, रात्री ९.१०

चांगला प्रश्न, आणि ठग याच अर्ध्या सत्यावर जगतात. घेणारा ते प्रतीक्षेतलं नाणं आपल्याच वॉलेटमधून जास्त फीने पुढे पाठवू शकतो. मायनरला पुढच्याची फी हवी असेल तर मागचा व्यवहारही ब्लॉकमध्ये घ्यावाच लागतो. पण ती फी त्याच नाण्यातून वजा होते आणि मायनरला जाते. बाहेरून रुपये भरावे लागत नाहीत, कुणा माणसाच्या यूपीआयवर तर नाहीच. आणि त्यासाठी तो व्यवहार मुळात अस्तित्वात असावा लागतो. धायरीकरांच्या काकांचा नव्हताच.

धायरीकर | पुढचा शनिवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रात्री यावरच बसलो होतो.

नोड उभा राहिला, पाच दिवस लागले. आता स्क्रीनवर प्रत्येक ओळीला अवस्था आहे : 'ऐकलं', 'ब्लॉकमध्ये', 'सहा झाले'. आणि चौथी, 'बदललं'. फीचा दर शेजारी. जुना_गडी, डी ची सोय केली आहे, ब्लॉक सुटला की ओळ पुन्हा 'ऐकलं'वर येते. खरोखर सुटलेला ब्लॉक अजून पाहायला मिळालेला नाही.

'बदललं' मात्र तपासून बघितलं. सिग्नेट म्हणून चाचणीचं जाळं आहे, तिथली नाणी फुकट मिळतात, त्यांना किंमत नसते. इलेक्ट्रम वॉलेटमधून माझ्याच दुसऱ्या वॉलेटला कमी फीने पैसे पाठवले. ओळ उमटली, 'ऐकलं'. मग इलेक्ट्रममधला रद्द करायचा पर्याय दाबला. तो तेच नाणं जास्त फीने आपल्यालाच परत पाठवतो. दोन-तीन सेकंदांत वरच्या ओळीवर काट आली आणि खाली नवी ओळ उमटली. सातारारोड, तुमच्या मित्राच्या वीस मिनिटांत काय झालं असेल ते तेव्हा कळलं. त्यांना घेऊन या, समोर बसून दाखवतो.

काल काकांना बोलावलं होतं. चहा घेत बराच वेळ ते ओळी खाली सरकताना बघत बसले. मग म्हणाले, "ही 'ऐकलं'वाली रक्कम एवढी ठळक कशाला? आमच्याकडे चेक क्लिअरिंगला गेलेला असायचा तोवर ती रक्कम वेगळ्या रकान्यात असायची, काढता यायची नाही. माणूस आधी ठळक आकडाच वाचतो."

रात्रीच बदल केला. आता ब्लॉकमध्ये जाईपर्यंत रक्कम बारीक आणि करड्या रंगात दिसते.